विश्लेषण : चालणे आपल्या हाती की रस्त्याच्या? परिसराचा परिणाम मोजतात कसा?

‘रोज अर्धा तास चाला’ हा डॉक्टरांचा सल्ला बहुतेकांना पाठ असतो. तो पाळला नाही की दोष आळसाला दिला जातो. पण घराबाहेर पदपथच नसेल आणि चौक ओलांडताना जीव मुठीत धरावा लागत असेल, तर दोष एकट्या माणसाचा कसा? माणसाच्या हालचालीवर त्याच्या परिसराचा किती परिणाम होतो, हे मोजण्याचे शास्त्र गेल्या अडीच दशकांत बरेच पुढे गेले आहे.

प्रश्न किती गंभीर आहे?

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भरभर चालणेही त्यात धरले जाते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ एवढीही हालचाल करत नव्हते. २००० मध्ये हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. महिलांमध्ये ते ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के आढळले.

परिसर मोजायचा म्हणजे काय?

त्याचे तीन मार्ग आहेत. पहिला नकाशाचा. घरापासून ५०० मीटर किंवा एक किलोमीटरच्या टापूत घरांची घनता किती, चौक किती, दुकाने, बसथांबे आणि उद्याने किती, हे संगणकीय नकाशांवरून काढले जाते. चौक जास्त म्हणजे वळसा कमी, असा यामागचा हिशेब. दुसरा मार्ग प्रत्यक्ष पाहणीचा. प्रशिक्षित निरीक्षक रस्त्याने फिरून पदपथ, सावली, दिवे, ओलांडण्याच्या जागा यांची नोंद करतात. तिसरा मार्ग रहिवाशांनाच विचारण्याचा. अमेरिकी संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘न्यूज’ ही प्रश्नावली यासाठी जगभर वापरली जाते. किराणा दुकान चालत किती मिनिटांवर आहे, रात्री रस्त्यावर पुरेसा उजेड असतो का, वाहने वेगात जातात का, असे प्रश्न त्यात असतात. नकाशावरचे उद्यान आणि रहिवाशाला ‘जाण्यासारखे’ वाटणारे उद्यान यांत फरक पडू शकतो, म्हणून या उत्तरांना महत्त्व.

हालचाल कशी मोजली जाते?

केवळ विचारून भागत नाही, कारण लोक आपला व्यायाम वाढवून सांगतात. म्हणून कमरेला ॲक्सिलरोमीटर हे छोटे यंत्र काही दिवस बांधायला देतात. शरीराची हालचाल किती जोरकस होती, याची ते सतत नोंद ठेवते. मात्र सायकल चालवताना कमर फारशी हलत नाही आणि पोहताना यंत्र बहुधा काढून ठेवले जाते. त्यामुळे हा व्यायाम निसटतो. शिवाय हालचाल कुठे झाली, हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी जीपीएसची जोड द्यावी लागते.

फरक नेमका किती पडतो?

‘लॅन्सेट’मध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० देशांतील १४ शहरांतल्या ६,८२२ प्रौढांची हालचाल यंत्राने मोजण्यात आली. घरांची घनता, चौक, सार्वजनिक वाहतुकीचे थांबे आणि उद्याने या चार गोष्टी हालचालीशी जोडलेल्या आढळल्या. सर्वात अनुकूल वस्तीतील लोकांची हालचाल सर्वात प्रतिकूल वस्तीतील लोकांपेक्षा आठवड्याला ६८ ते ८९ मिनिटांनी जास्त होती. म्हणजे १५० मिनिटांच्या उद्दिष्टाचा जवळपास निम्मा वाटा.

चालण्याची आवड असलेलेच अशा वस्तीत राहायला जात असतील तर?

हा या क्षेत्रातील सर्वात मोठा आक्षेप. तो तपासायचा तर तोच माणूस घर बदलण्याआधी आणि नंतर किती चालतो, हे पाहावे लागते. ऑस्ट्रेलियातील पर्थमध्ये नव्या घरी राहायला जाणाऱ्यांचा असा पाठपुरावा झाला. चालत पोहोचण्यासारखी ठिकाणे वाढली, तसे चालणेही वाढले. ‘नेचर’मध्ये २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेत शहर बदललेल्या पाच हजारांहून अधिक जणांच्या मोबाइलमधील पावलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. चालण्यास कमी अनुकूल ठिकाणाहून अधिक अनुकूल ठिकाणी गेल्यावर दिवसाला सरासरी सुमारे १,१०० पावले वाढली. उलट दिशेने गेलेल्यांची पावले घटली. आवड तीच राहते, रस्ता बदलतो आणि चालणे बदलते, असे यातून दिसते.

भारतीय शहरांना हीच फूटपट्टी लागू पडते?

जशीच्या तशी नाही. २०१६च्या त्या अभ्यासात एकही भारतीय शहर नव्हते. घनता आणि जवळची दुकाने एवढेच मोजले, तर मुंबई-पुण्यातील जुन्या पेठा आणि चाळींचे भाग पैकीच्या पैकी गुण मिळवतील. तिथली अडचण मात्र वेगळीच असते. पदपथ असतो, पण त्यावर दुचाकी उभ्या असतात. दुकान समोरच असते, पण मधला रस्ता ओलांडता येत नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत ३२,८२५ पादचारी मरण पावले, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. दीप्ती अडलखा आणि सहकाऱ्यांनी ‘न्यूज’ प्रश्नावलीची भारतीय आवृत्ती तयार करून चेन्नईत तपासली, ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. स्थानिक मोजपट्टीची गरज त्यातून पुढे आली.

पालिकांनी काय मोजावे?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवासी भागातही पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी चालण्यासाठी मोकळी हवी. पालिकांच्या अहवालांत मात्र सहसा किती किलोमीटर पदपथ बांधले, एवढेच असते. त्यातील किती लांबी खरोखर मोकळी आहे, रस्ता ओलांडायला किती वेळ थांबावे लागते, अंधार पडल्यावर तिथून किती महिला चालतात, हे मोजायला महागडी यंत्रे लागत नाहीत. टेप, घड्याळ आणि नोंदवही पुरते. जे मोजले जाते त्यासाठीच अंदाजपत्रकात तरतूद होते. पादचाऱ्यांची गैरसोय आकड्यांत मांडली जात नाही, तोवर ‘रोज चाला’ हा सल्ला नागरिकांनाच ऐकावा लागेल, रस्ते बांधणाऱ्यांना नाही.