माप चाकावरून घ्यावे

लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना तुम्ही कधी पाहिली आहे का? सातारा-सांगलीकडे उसाच्या गाड्यांना आता रबरी चाके आली, पण जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे ते दृश्य अजून आहे. चाक सुताराने करायचे, धाव लोहाराने. एकाचे काम लाकडाचे, दुसऱ्याचे लोखंडाचे. लोहार धाव चाकापेक्षा अंमळ लहान करी, जाळात लाल करी, ती फुगली की चाकावर बसवी आणि वर पाणी ओती. मग धाव आवळून घट्ट बसे. हे सारे जमे ते एका सवयीमुळे. लोहार आठवणीने माप घेत नसे. चाक समोर ठेवून त्याच्या घेरावरूनच माप घेई.

आज तुम्हांला सांगायची गोष्ट संगणकाची आहे. पण तिचे मर्म लोहाराच्या या सवयीत आहे, म्हणून चाकापासून सुरुवात केली.

समजा, कृष्णाकाठच्या एखाद्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी तुम्ही प्रोग्राम लिहीत आहात. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींपैकी कुणाच्या वाट्याला असे काम आले तर नवल नाही. भरली गाडी काट्यावर येते, वजन होते. ऊस खाली करून रिकामी गाडी परत येते, पुन्हा वजन होते. दोहोंची वजाबाकी म्हणजे निव्वळ वजन. याच आकड्यावर शेतकऱ्याचे बिल निघते, तोडणीची मजुरी निघते, वाहतुकीचे भाडे निघते. वर्ष-दीड वर्ष ज्या पिकाला पाणी पाजलं, त्याचा हिशेब या एका आकड्यात येतो.

आता अडचण कुठे आहे ती पाहा. पावती छापणारा, नोंदवही ठेवणारा तुमचा प्रोग्राम जावा भाषेत आहे. काट्याच्या यंत्राशी बोलणारा भाग मात्र सी भाषेत आहे. जावा भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली आणि १९९५ साली ती लोकांपुढे आली. जावाचा प्रोग्राम एखाद्या विशिष्ट यंत्राच्या भाषेत उतरत नाही. तो एका मधल्या भाषेत उतरतो आणि जावाचे आभासी यंत्र तो वाचून चालवते. त्यामुळे तोच प्रोग्राम अनेक प्रकारच्या संगणकांवर चालतो. पण जो सगळ्यांचा असतो, त्याला एकेकाच्या घरातली रीत ठाऊक नसते. काट्याचे यंत्र, त्याची तार, त्याचे संकेत हे सारे सी भाषेला जवळचे. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत घडवलेली ही भाषा यंत्राच्या अगदी शेजारी राहते.

या दोघांची गाठ घालून देणारी व्यवस्था १९९७ साली जावाच्या १.१ या आवृत्तीबरोबर आली. तिला थोडक्यात जेएनआय म्हणतात. तुम्ही जावामध्ये फक्त सांगायचे, ‘वजन नावाचे एक काम आहे, ते नेटिव्ह आहे’. म्हणजे त्याचे नाव इथे, पण प्रत्यक्ष कृती पलीकडे सीमध्ये. जावा सुतार झाला, सी लोहार झाला. मग माप कोण घेणार?

ते माप म्हणजे हेडर फाईल. सीच्या बाजूला फंक्शनचे नेमके नाव काय असावे, त्याला काय द्यायचे, त्याने काय परत करायचे, एवढाच मजकूर तिच्यात असतो. ही फाईल हाताने लिहिता येत नाही असं नाही. पण लिहू नये. ती काढून देणारी आज्ञा जावाच्या साहित्यातच आहे. आज्ञा टंकायच्या खिडकीत जावा-सी हा शब्द लिहावा, एक जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला चिकटून एच हे अक्षर. मग जागा सोडून ज्या कप्प्यात फाईल हवी त्याचे नाव. चालू कप्पाच हवा असेल तर नुसते एक टिंब. शेवटी तुमच्या जावा फाईलचे नाव. दिसायला ते असे दिसेल:

जावा-सी -एच . काटा.जावा

टंकताना अर्थात हे सारे रोमन अक्षरांत, आणि जावा व सी यांच्यामधली आडवी रेघ गाळून. एवढ्याने जावाचे भाषांतरही होते आणि काटा.एच ही हेडर फाईलही तयार होते.

तुमच्याजवळ जुने पुस्तक असेल तर त्यात जावा-एच नावाचे वेगळे हत्यार सांगितलेले आढळेल. पूर्वी आधी भाषांतर करायचे आणि मग त्या तयार फाईलवर जावा-एच चालवायचे, अशा दोन पायऱ्या होत्या. २०१४ सालच्या आठव्या आवृत्तीपासून वर सांगितलेली एका पायरीची सोय झाली आणि मार्च २०१८ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीतून जावा-एच काढूनच टाकले. तेव्हा ‘अशी आज्ञाच सापडत नाही’ असा निरोप आला, तर गोंधळू नका. तुमचा संगणक बिघडलेला नाही, पुस्तक जुने आहे.

आता ती फाईल उघडून पाहा. अगदी वर लिहिलेले असते, ‘ही फाईल यंत्राने तयार केली आहे, हिच्यात बदल करू नका’. ही सूचना पटण्यासाठी किर्लोस्करवाडीची आठवण करावी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे कारखाना उभारला आणि लोखंडी नांगर बनवले. ओतकामात वाळूचा साचा कुणी हाताने कोरीत बसत नाही; लाकडी नमुना वाळूत दाबून साचा उठवतात. फेरफार हवा असेल तर नमुना बदलायचा आणि साचा नव्याने उठवायचा. हेडरचेही तसेच. बदल जावा फाईलमध्ये करावा आणि आज्ञा पुन्हा चालवावी.

हाताने लिहिण्यात दोन खड्डे आहेत. पहिला नावाचा. सीमधले नाव ‘जावा’, खालची रेघ, ‘काटा’, खालची रेघ, ‘वजन’ असे बनते. सोपे वाटते. पण तुम्ही ‘निव्वळ’ आणि ‘वजन’ हे शब्द खालच्या रेघेनेच जोडून नाव ठेवलेत तर? ती रेघ तुमची की जोडणीची, हे यंत्राला कळावे म्हणून तुमच्या रेघेपुढे १ हा आकडा घालावा लागतो. हे कुणाच्या ध्यानात राहणार? आणि गंमत पाहा, जावामध्ये नावे देवनागरीतही देता येतात. ‘वजन’ हे नाव देवनागरीत दिलेत, तर प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक त्या नावात जातो: व साठी ०९३५, ज साठी ०९१सी, न साठी ०९२८, आणि प्रत्येकाआधी खालची रेघ व एक शून्य. हाताने लिहायला गेलात तर एखादा आकडा चुकायचाच. आज्ञा चुकत नाही.

पण नाव चुकले तर निदान बोंब तरी होते. त्या कामाला हाक मारताच ‘जोडणी सापडली नाही’ असे सांगून प्रोग्राम थांबतो. दुसरा खड्डा मुका आहे, तो मापाचा. समजा, आधी ठरले होते की वजन पूर्ण किलोत द्यायचे, म्हणजे पूर्णांकात. जावा त्याला इंट म्हणते. पुढे कुणी सुचवले की क्विंटलमध्ये, दशांशासह द्यावे. जावाच्या बाजूला इंटचे डबल केले, सीच्या बाजूला कळवायचे राहून गेले. नाव तर तेच आहे! जोडणी नावावरून होते, म्हणून कुणी हटकत नाही. आणि आजच्या नेहमीच्या संगणकांत पूर्णांक परत देण्याची जागा वेगळी, दशांशाची वेगळी. सीने आकडा डाव्या खिशात ठेवला, जावाने उजव्या खिशात हात घातला. हाताला लागेल ते शून्य असेल, नाहीतर मागे राहिलेला भलताच आकडा. तोच पावतीवर छापला जाईल. गाडीवाला पावती घेऊन निघून जाईल, आणि चूक कुणाची हे शोधायला हंगाम संपेल.

ताजी हेडर काढून ती सी फाईलच्या डोक्यावर जोडली असती, तर हे झाले नसते. सीचा कंपायलर हेडरमधले माप आणि खालचे फंक्शन ताडून पाहतो, जुळत नसेल तर तिथेच अडवतो. म्हणून हेडर नुसती काढून ठेवून भागत नाही, ती जोडावी लागते. आणि तिच्यात दिलेली जेइंट, जेलाँग, जेडबल हीच मापे वापरावी. कारण जावाचा लाँग नेहमी ६४ बिटांचा असतो, पण सीचा लाँग ६४ बिटी विंडोजवर ३२ बिटांचा आणि ६४ बिटी लिनक्सवर ६४ बिटांचा असतो. शब्द एक, शेर निराळा!

एक व्यवहारातली गोष्ट राहिली. काटा.एच ही फाईल जेएनआय.एच नावाच्या दुसऱ्या हेडरला बोलावते. ती जावाच्या साहित्यातल्या इन्क्लूड या कप्प्यात असते, आणि त्याच्या पोटात प्रत्येक प्रणालीसाठी आणखी एक कप्पा असतो. सीचे भाषांतर करताना दोन्हींचा पत्ता द्यावा. पहिल्यांदा हे काम करणारे बहुतेक इथेच अडखळतात.

मार्च २०२४ मध्ये आलेल्या बाविसाव्या आवृत्तीत जावाला सीशी थेट बोलण्याचा नवा मार्ग पक्का झाला. त्याच्यासोबत वापरायचे जेएक्स्ट्रॅक्ट हे हत्यार उलट दिशेने चालते: सीची हेडर वाचून जावाचा मजकूर काढून देते. तिथे लोहाराच्या धावेवरून सुताराचे चाक ठरते म्हणा. दिशा बदलली, तत्त्व बदलले नाही. माप एकाच ठिकाणी असावे आणि दुसऱ्याने ते तिथूनच उचलावे.

तेव्हा दोन भाषांची गाठ घालताना ‘मला पाठ आहे’ म्हणून हेडर हाताने लिहू नका. आज्ञा एका ओळीची आहे. तेवढी ओळ टंकायचा कंटाळा केला, तर त्याची किंमत काट्यावर ऊस घेऊन उभा असलेला माणूस मोजतो.