नऊशे डॉलरचा अडसर

संपादकांना अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या संगणकावर लेख हवा होता. विद्यार्थी नापास होण्याआधीच धोका ओळखणारं यंत्र म्हणून तो गाजलाय. वाचत गेलो, तसा माझा जीव मात्र तिथल्या फीच्या खात्यात अडकला.

नोकरदारांसाठी संध्याकाळचे वाणिज्य वर्ग म्हणून 1913 मध्ये ही संस्था सुरू झाली, तीही फक्त गोऱ्यांसाठी. 1959 मध्ये याविरुद्ध कोर्टाचा निकाल लागला, तरी पहिला कृष्णवर्णीय प्रवेश व्हायला 1962 उजाडलं. आत शिरणं आणि पदवी घेऊन बाहेर पडणं यांतलं अंतर त्यानंतरही उरलंच. 2003 मध्ये चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षं दिली, तरी शंभरातले जेमतेम 32 पार पडत. कृष्णवर्णीयांत 29, लॅटिनोंत 22.

टिमोथी रेनिक हे तिथले धर्म-अभ्यासाचे प्राध्यापक. विद्यार्थी कुठे चुकतात, या नेहमीच्या प्रश्नाऐवजी विद्यापीठ त्यांना कुठे अडवतं, हे शोधायचं त्यांच्या चमूनं ठरवलं. सुमारे 25 लाख जुने ग्रेड चाळले. राज्यशास्त्राच्या पहिल्या विषयात 'सी' मिळालेल्यांपैकी पदवीपर्यंत पोचत होता चौघांतला एक. 'सी' म्हणजे पास, म्हणून त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं! 2012 पासून अशा आठशेहून अधिक खुणांवर रोज नजर ठेवली जाऊ लागली. पण खूण दिसल्यावर त्या मुलाला बोलावणार कोण? त्यासाठी 42 नवे सल्लागार नेमले. सातशेहून अधिक विद्यार्थ्यांमागे एक सल्लागार होता, तो तीनशेंमागे एक झाला.

आता ते खातं. फी पूर्ण भरली नाही की नाव वर्गाच्या यादीतून कमी, असा नियम. दर सत्राला हजारावर नावं जात. त्यांत चांगले ग्रेड मिळवणारी आणि पदवी एका सत्रावर आलेली मुलंही असायची. सरकारी मदतीची मुदत नेमकी तिथेच संपलेली. अडलेली रक्कम अनेकदा काहीशे डॉलर. 2011 पासून विद्यापीठ अशी नावं स्वतः शोधून थकबाकी भरू लागलं. सरासरी नऊशे डॉलर. अर्ज नाही, दाखला नाही, साहेबाच्या केबिनबाहेर ताटकळणं नाही. मला सगळ्यात आवडलं ते हेच. शिवाय मुलगा टिकला तर पुढची फीही येतेच, तेव्हा हा निव्वळ दानधर्मही नव्हे.

पदवीचं प्रमाण पन्नाशीपार गेलं. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि गरीब घरची मुलं बाकीच्यांच्या बरोबरीला आली, तीही प्रवेशाची चाळणी बारीक न करता.

तरी 'दरी बुजली' म्हणताना जपून. बरोबरी झाली ती पन्नाशीच्या आसपास. म्हणजे सहा वर्षांनंतरही जवळपास निम्मी मुलं तिथून पदवीविना राहतात. 2016 मध्ये पेरिमीटर कॉलेज या विद्यापीठात विलीन झालं. तिथल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांचं पूर्ततेचं प्रमाण फारच तोकडं होतं. दुसरी शंका यंत्राबद्दलची. गणितात कच्च्या मुलीला नर्सिंगऐवजी सोपा विषय सुचवला, तर पदवी मिळेल आणि आकडाही सुधारेल, पण तिला व्हायचं होतं नर्स. तिची शिकवणी घ्यायची की तिचा विषय बदलायचा, हे कुठलाही अल्गोरिदम सांगत नाही. ते समोर बसलेल्या सल्लागारावर अवलंबून असतं, आणि त्याच्याकडे तिच्यासाठी किती वेळ आहे यावर.

असं सॉफ्टवेअर आता बाजारात मिळतं आणि विद्यापीठं ते हौसेनं घेतातही. घेणाऱ्यांना एकच विनंती: बिल चुकवण्याआधी सल्लागारांच्या पगाराची तरतूद करा. ती नसेल, तर तेच पैसे थकलेल्या फीत घाला.