पाच टक्क्यांची मुत्सद्देगिरी

बँकेच्या परकीय चलन विभागात आयुष्य गेले. पतपत्र, बीजक, बिल ऑफ लेडिंग एवढेच आम्ही तपासत असू. त्या कागदांमागे दोन सरकारांची किती बोलणी असतात, याचा विचार निवृत्तीनंतरच सुचला.

भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांनी १८ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वंकष आर्थिक भागीदारी करार केला. तो १ मे २०२२ पासून अमलात आला. आपल्या दागिन्यांवर तेथे लागणारी ५ टक्के जकात त्यामुळे उठली. सराफी धंद्यात नफा किती बारीक असतो हे ठाऊक असणाऱ्यांना या आकड्याचे मोल सांगावे लागत नाही. मात्र सवलत आपोआप पदरात पडत नाही. मालाचे उत्पत्ती प्रमाणपत्र लागते, आणि तेथेच लहान व्यापारी कंटाळतो.

बदल्यात आपणही ठरावीक प्रमाणातील सोन्याच्या आयात शुल्कात १ टक्क्याची सूट दिली. पुढे प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या नावाखाली सोने येऊ लागले, तेव्हा सरकारला निर्बंध घालावे लागले. चलाखी चौघांची, जाच मात्र सर्व पेढ्यांना!

सुरक्षिततेची बाजू मंगळुरूला दिसते. तेथील भूमिगत साठ्यात अबू धाबीच्या राष्ट्रीय तेल कंपनीने २०१८ पासून आपले कच्चे तेल ठेवले. आणीबाणीत त्यावर पहिला हक्क भारताचा. जुलै २०२३ मध्ये दोन्ही मध्यवर्ती बँकांनी रुपया व दिरहममध्ये व्यवहार करण्याचा समझोता केला. डॉलरमार्गे होणाऱ्या दुहेरी अदलाबदलीचा खर्च त्यामुळे वाचू शकतो. पुढचा माल रवाना करण्यापूर्वी आपल्या बँकेत ही सोय आहे का, एवढे अवश्य विचारावे.