टायर कोणाचा, दोष कोणाचा?

वैशाखातील उन्हात तंजावूरहून तिरुचिरापल्लीला पोहोचलेल्या मोटारीच्या टायरला हात लावून पाहावा; तो चांगलाच तापलेला असतो. हवा कमी असेल तर टायर चालताना अधिक दबतो आणि अधिक तापतो. त्याच्या रबरात पोलादी तारांचे पट्टे एकावर एक बसवलेले असतात. उष्णतेने व ताणाने त्यांची पकड सुटली, की वरचा थर सोलून निघतो आणि वाहनाचा तोल जातो. अमेरिकेतील उष्ण राज्यांत असे अपघात वाढले आणि त्यांतून जबाबदारीचा एक मोठा वाद उभा राहिला.

टायर फायरस्टोन कंपनीचे होते, गाडी फोर्डची ‘एक्सप्लोरर’. 9 ऑगस्ट 2000 रोजी फायरस्टोनने सुमारे 65 लाख टायर परत बोलावले. मे 2001 मध्ये फोर्डने आणखी 1 कोटी 30 लाख टायर बदलण्याचे जाहीर केले. या टायरांशी संबंधित 271 मृत्यूंची नोंद सरकारी खात्याकडे झाली.

फोर्डच्या मते दोष टायरचा होता. फायरस्टोनचे म्हणणे असे, की गाडीची रचनाच उलटण्याजोगी आहे. शिवाय फोर्डने हवेचा दाब दर चौरस इंचास 26 पौंड सुचवला, तो 30 हवा. सरकारी तपासात टायरच्या पट्ट्यांत दोष आढळला आणि एक्सप्लोररची चौकशी करण्याची फायरस्टोनची मागणी 2002 मध्ये फेटाळली गेली. तरीही 26 हा आकडा फोर्डचाच होता, हे नाकारता येत नाही. तोपर्यंत दोन्ही कंपन्यांचा जवळजवळ शतकभराचा व्यवहार तुटला होता. (दोन्ही घराण्यांत सोयरीक होती, तीही कामी आली नाही.)

या भांडणापेक्षा त्याआधीची दोन वर्षे अधिक गंभीर वाटतात. एका विमा कंपनीच्या अभ्यासकाने 1998 मध्येच अशा 21 दाव्यांची माहिती सरकारी खात्याला कळवली होती. फोर्डने 1999 मध्ये सौदी अरेबियात हे टायर बदलून देण्यास आरंभही केला होता. अमेरिकेतील ग्राहक मात्र त्याच टायरांवर प्रवास करीत राहिला. अंतिम दोष कोणाचा, हे ठरेपर्यंत त्याला धोक्याची सूचना देण्यास कोणाचीच आडकाठी नव्हती. नोव्हेंबर 2000 मध्ये झालेल्या कायद्याने परदेशात परत बोलावलेल्या मालाची माहिती देणेही कंपन्यांवर बंधनकारक केले.

भारतात 2012 पासून वाहन उत्पादक स्वेच्छेने सदोष गाड्या परत बोलावू लागले. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये 110अ हे कलम आले आणि असा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग बसवलेल्या सर्व गाड्या, त्या कोणत्याही बनावटीच्या असोत, परत बोलावण्याचा आदेश देता येतो. ‘टायर आमचा नव्हे’ हे उत्तर येथे पुरत नाही. अडचण उरते ती पत्त्याची. गाडी दोन-तीन हातांतून फिरली आणि नोंदणीत नवे नाव चढले नाही, तर कंपनीचे पत्र जुन्याच मालकाच्या दारी जाते.