लिहिणारीच जेव्हा निर्माती असते

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालं की मुर्धा, राई, मोर्वा ही जुनी गावं लागतात. त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, काशीमिरा-घोडबंदरच्या बाजूला, मालिकांचं चित्रीकरण चालतं. आजच्या दैनंदिन मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे असतात. गोष्ट कुठे वळवायची, हे बरंचसं दर गुरुवारी येणारा टीआरपी ठरवतो. लेखणी आणि निर्मिती एकाच हाती असली तर काय घडू शकतं, हे पाहायचं तर लेखिका-दिग्दर्शिका सई परांजपे यांच्या दूरदर्शनच्या वर्षांकडे वळावं लागतं.

सई परांजपे यांचा जन्म 1938 चा. रँग्लर र. पु. परांजपे हे आजोबा, शकुंतलाबाई परांजपे आई. ‘मुलांचा मेवा’ हे पहिलं पुस्तक आलं तेव्हा सई जेमतेम आठ वर्षांच्या होत्या. पुढे पुणे आकाशवाणीवर त्यांनी निवेदन केलं, मुलांचे कार्यक्रम केले. केवळ कानावर पडणारा संवाद कसा लिहायचा, याची तालीम त्यांना रेडिओने दिली. 1963 मध्ये त्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर पडल्या आणि काही काळाने दिल्ली दूरदर्शनवर निर्माती म्हणून दाखल झाल्या.

त्या काळच्या दूरदर्शनमध्ये पैसे गुंतवणाऱ्याला निर्माता म्हणत नसत. ते नोकरीतलं पद होतं. विषय शोधणं, संहिता लिहिणं किंवा लिहवून घेणं, नट निवडणं, तालमी घेणं आणि स्टुडिओत नाटक सादर होताना नियंत्रण कक्षात बसून कोणत्या कॅमेऱ्याचं दृश्य घ्यायचं ते सांगणं, हे सारं त्याच्याकडे असे. स्टुडिओ लहान, कॅमेरे मोजके आणि नंतर कापाकापी करण्याची सोय तुटपुंजी. त्यामुळे पात्र कोणत्या दारातून येईल, कपडे बदलायला नटीला किती वेळ मिळेल, याचा हिशेब संहितेतच मांडावा लागे.

या शिस्तीतून सईंची शैली घडली. त्यांच्या ‘द लिटल टी शॉप’ या दूरदर्शनपटाला 1972 मध्ये तेहरानला आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा उद्घाटनाच्या कार्यक्रमाची निर्मिती त्यांच्याकडे होती.

त्यांच्या गाजलेल्या चित्रपटांचं मूळही इथेच सापडतं. ‘स्पर्श’ची बीजं ‘रैना बीती जाये’ या दूरदर्शन नाटकात होती, तर ‘चश्मेबद्दूर’ची ‘धुआँ धुआँ’मध्ये. ‘स्पर्श’मध्ये अंध मुख्याध्यापक, त्याच्या आयुष्यात आलेली विधवा आणि मदत स्वीकारण्यावरून होणारी ओढाताण आहे. ‘चश्मेबद्दूर’ भाड्याच्या खोलीतल्या तीन मित्रांवर आणि सिगरेटच्या उधारीवर उभा राहतो. माणसं थोडी, जागा थोडी आणि संवाद अचूक. पडदा मोठा झाला तरी मांडणी स्टुडिओतल्या नाटकाचीच राहिली. ‘स्पर्श’च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे मालिकांचं युग आलं, तेव्हा त्यांनी ‘अडोस पडोस’ आणि ‘छोटे बडे’ या मालिकाही केल्या.

दूरदर्शनवरच्या अशा नाटकांतून एक गोष्ट कळते: तासाभराचं नाटक लेखकाला शेवट लिहायला भाग पाडतं. गोष्ट कुठे संपवायची, हे माहीत असणाराच ती नीट सुरू करू शकतो. रोजच्या मालिकेत नवा लेखक प्रसंग लांबवायला पटकन शिकतो. शेवट करण्याची संधी मात्र त्याला वर्षानुवर्षं मिळत नाही.

म्हणून मराठी वाहिन्यांना आग्रहाची विनंती आहे: महिन्यातून एक तास, एका लेखकाला, एका पूर्ण नाटकासाठी द्या आणि निर्मितीचे निर्णयही त्याच्यावर सोपवा. आणि राई-भाईंदरच्या ज्या मुलामुलींना मालिकांसाठी लिहायचं आहे, त्यांनी संवादांवर थांबू नये. तालीम पाहावी, संकलकाशेजारी बसावं, खर्चाचा कागद वाचायला शिकावं. सई परांजपेही लेखन आणि निर्मिती एकत्र हाताळतच घडल्या.