हवानाचं तेल आटलं तेव्हा

खनिज तेल एका रात्रीत संपत नाही. आधी ते महागतं, मग वेळेवर येईनासं होतं आणि शेवटी कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे ठरवायची वेळ येते. क्यूबाने ही सगळी वाट दोन-तीन वर्षांत पार केली, तीही स्वतःची इच्छा नसताना.

१९८० च्या दशकात हा देश सोव्हिएत संघाला चढ्या भावाने साखर विकायचा आणि वर्षाला सुमारे १.३ कोटी टन तेल घ्यायचा. चांगली जमीन उसाखाली होती. ट्रॅक्टर, खतं, कीटकनाशकं बाहेरून येत आणि ताटातलं बरंचसं धान्यही बाहेरूनच. सोव्हिएत संघ आधी डळमळला, मग कोसळला आणि १९९२ पर्यंत तेलाची आवक निम्म्याच्या खाली गेली. अमेरिकेची व्यापारबंदी आधीपासून होतीच. युद्ध झालं तर काय करायचं याची एक योजना सरकारजवळ तयार होती. फिडेल कास्ट्रोंनी १९९० मध्ये तीच ‘शांतताकाळातला विशेष कालखंड’ या नावाने लागू केली.

पहिला फटका वाहतुकीला बसला. चीनमधून दहा लाखांहून अधिक सायकली आल्या. राजधानी हवानाच्या खाडीखालच्या बोगद्यातून सायकलने जाता येत नसे, म्हणून बाकडी काढलेल्या बसगाड्या सायकलींसकट माणसं पलीकडे नेऊ लागल्या. ट्रकच्या डोक्याला भलामोठा डबा जोडून ‘कामेयो’, म्हणजे उंट, नावाची गाडी निघाली. तिच्यात दोनशेहून जास्त माणसं कोंबली जात. रस्त्यांच्या नाक्यांवर पिवळ्या गणवेशातले कर्मचारी उभे राहिले. जागा शिल्लक असलेली सरकारी गाडी त्यांनी हात केला की थांबलीच पाहिजे आणि रांगेतल्या माणसांना घेतलंच पाहिजे, असा नियम होता. तेल न लागणारी ही सर्वांत स्वस्त सुधारणा. तिला फक्त एक शिट्टी आणि अधिकार लागला.

शेतीतला बदल खोलवरचा होता. डिझेलविना ट्रॅक्टर उभे राहिले, तेव्हा खोंडांना औताची सवय लावणाऱ्या जुन्या जाणत्यांना शोधून आणलं गेलं. शहरातल्या मोकळ्या जागांवर, इमारतींच्या मधल्या पडीक तुकड्यांवर सिमेंटच्या कडा बांधून वाफे तयार झाले. त्यांत माती आणि कंपोस्ट भरून पालेभाज्या, टोमॅटो, मुळे घेतले जाऊ लागले. किडींसाठी बुरशी आणि जिवाणूंपासून औषधं बनवणारी छोटी केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत उघडली. १९९३ मध्ये सरकारने आपली अवाढव्य शेतं मोडून सहकारी संस्थांकडे कसायला दिली. १९९४ मध्ये खुले बाजार पुन्हा सुरू झाले आणि ठरलेला वाटा सरकारला दिल्यावर उरलेला माल आपल्या भावाने विकायची मुभा मिळाली. हवानाच्या पूर्वेला, आलामार या वसाहतीत १९९७ मध्ये अगदी लहान तुकड्यावर सुरू झालेला भाजीमळा पुढे दहा हेक्टरांवर पसरला.

मात्र या कहाणीचं कौतुक करताना तिची किंमत झाकता येत नाही. देशाचं उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटलं. माणसं वाळली. १९९२-९३ मध्ये पन्नास हजारांहून अधिक लोकांना डोळ्यांच्या आणि हातापायांच्या नसांचा विकार जडला. निकृष्ट आहार आणि ब जीवनसत्त्वाचा अभाव हे त्यामागचं मोठं कारण होतं. १९९४ च्या उन्हाळ्यात तीसेक हजार लोक तराफ्यांवर बसून समुद्रात उतरले. तयारी नसताना आलेली टंचाई शिकवते खरी, पण तिची फी भुकेच्या रूपात वसूल होते.

याच्या नेमकी उलट गोष्ट आयर्लंडमधल्या किन्सेल या बंदरगावची. तिथे ना टंचाई होती ना घाई. २००५ मध्ये रॉब हॉपकिन्स या शिक्षकाने विद्यार्थ्यांना घेऊन २०२१ पर्यंतचा आराखडा केला. तेल कमी होत जाईल तसं अन्न, वीज, वाहतूक, शिक्षण, आरोग्य यांत दरवर्षी काय बदलायचं, हे त्यात लिहिलं होतं. नगर परिषदेने तो स्वीकारला. पुढच्या वर्षी हॉपकिन्स यांनी इंग्लंडमधल्या टॉटनेसमध्ये तशीच चळवळ सुरू केली आणि ती अनेक देशांत पोहोचली. टॉटनेसने २००७ मध्ये गावापुरतं चलन काढलं. ते २०१९ मध्ये बंद झालं. किन्सेलची नगर परिषद तर २०१४ मध्ये आयर्लंडमधल्या सगळ्याच नगर परिषदांबरोबर बरखास्त झाली. आराखडा राहिला, तो मंजूर करणारी संस्था गेली.

क्यूबातही सगळं टिकलं नाही. २००० मध्ये व्हेनेझुएलाशी करार झाला आणि रोज ५३,००० पिंपांपर्यंत तेल सवलतीत मिळू लागलं. चिनी बस आल्या, कामेयो भंगारात गेले, सायकली रोडावल्या. वीज मात्र मुख्यतः जुन्या, तेलावरच्या केंद्रांतून येत राहिली. व्हेनेझुएलाची आवक आटत गेली आणि १८ ऑक्टोबर २०२४ रोजी आंतोनियो गितेरास हे केंद्र बंद पडताच अख्खा देश अंधारात गेला. शहरातले भाजीमळे मात्र पुष्कळसे टिकले. सायकल ही सक्ती होती. ती सुटताच माणूस उतरला. वाफ्यातली भाजी ही कुणाची तरी रोजची कमाई होती आणि काय लावायचं, केवढ्याला विकायचं हे बरंचसं त्याच्याच हातात होतं.

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. मुंबईची भाजी नाशिक-पुण्याकडून डिझेलवर येते आणि टंचाईतल्या गावांचं पाणीसुद्धा टँकरने. उद्या डिझेल निम्म्यावर आलं तर पहिलं कुणाला, टँकरला, रुग्णवाहिकेला की दुधाच्या गाडीला, हे आपल्या नगरपालिकांनी आजच लिहून ठेवायला हरकत नाही. पण नुसता कागद किन्सेलसारखा उरतो. कमी तेलावर चालणारं प्रत्येक काम, मग ती गावाजवळची भाजी असो वा छतावरची वीज, ते करणाऱ्याला आजच्या भावात परवडलं पाहिजे आणि त्याचे निर्णय त्याला घेता आले पाहिजेत. तेल स्वस्त असताना जे टिकतं, तेच महाग झाल्यावर उपयोगी पडतं.