कातळाची कुळकथा

पारनेरच्या बाजूस एखाद्याने विहीर खणावयास घेतली, म्हणजे आधी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो. कोणास तीस हात सुरुंग लावूनही पाणी लागत नाही. शेजाऱ्यास मात्र पंधरा हातांवर झरा सापडतो. ह्याला आपण नशीब म्हणतो. परंतु ह्या नशिबाचा बराचसा लेख त्या कातळातच असतो.

भूगर्भातील तप्त शिलारस निवून घट्ट झाला, म्हणजे अग्निजन्य खडक होतो. त्याची जात ठरविण्यास दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, तो निवला कोठे? साखरेचा पाक सावकाश निवू दिला तर खडीसाखरेचे मोठे खडे बनतात. भराभर घोटला तर बारीक रवा पडतो. शिलारसाचेही तसेच आहे. खोल जागी संथपणे निवलेल्या ग्रॅनाइटचे कण डोळ्यांस स्पष्ट दिसतात. भूपृष्ठावर येऊन लवकर थिजलेल्या बेसाल्टचे बहुधा दिसत नाहीत.

दुसरा प्रश्न, त्यात सिलिका, म्हणजे गारगोटीचे द्रव्य, किती आहे? ग्रॅनाइटमध्ये ते शंभरात सुमारे 70 भाग असते व खडक फिकट दिसतो. बेसाल्टमध्ये सुमारे 50 भाग असते व खडक काळसर होतो. बेसाल्टचाच रस खोलवर सावकाश निवला, तर मोठ्या कणांचा गॅब्रो बनतो.

सिलिका कमी असलेला रस पातळ असल्याने दूरवर वाहतो. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूमीच्या लांबलांब भेगांतून असा रस पुनःपुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचले. आजही त्या थरांनी सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, जिल्हा त्यातच येतो. अकोले तालुक्यातील 1646 मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर आणि हरिश्चंद्रगड येथे डोंगरउतारावर जे पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात, ते ह्याच थरांचे.

आता विहिरीकडे वळू. प्रत्येक थराच्या माथ्याशी वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांपैकी कित्येक गारगोटीसारख्या खनिजांनी भरल्या. थराचा मधला भाग मात्र घट्ट झाला. अशा अखंड कातळात पाणी साठण्यास जागाच नसते. ते राहते झिजलेल्या मुरमात, कातळाच्या चिरांत आणि दोन थरांच्या सांध्यात. शेजारच्या शेतात लागते ते बहुधा अशाच एखाद्या चिरेचे पाणी.

ही कोठारे लहान असून पावसावाचून भरत नाहीत; आणि जिल्ह्याचा बहुतेक भाग तर पर्जन्यछायेत आहे. म्हणून नुसते खोल जाणे हा उपाय नव्हे; ओढ्याचे पाणी अडवून ते मुरमात मुरविले पाहिजे. हिवरे बाजारने शेतीसाठी विंधनविहिरी घेण्यास बंदी केली, तिचे मर्म हेच. विहिरीत उतराल तेव्हा तिची भिंत क्षणभर न्याहाळा. पाणी कोठे आहे आणि किती जपले पाहिजे, हे ती सांगेल.